फुकटचा वकील की हक्काचा वकील?



मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई आमच्या केंद्रावर आली आणि तिनं विचारलं, "ताई, पुढचा हप्ता कधी मिळणार?"

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली ही बाई. दोन मुली. नवरा सुरतेला लूमवर कामाला. चार वर्षांपूर्वी त्यानं तिला माहेरी आणून सोडलं, ते सोडलंच. केळीच्या बागेत आणि कापसाच्या वेचणीला जाऊन ती मुलींना वाढवते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली पोटगीचा अर्ज करायला मीच तिला तयार केलं होतं. मोफत वकीलही मीच मिळवून दिला होता. लोकअदालतीत तिला ८०,००० रुपये मिळाले. तिची समजूत अशी की हा पहिला हप्ता. आठ महिन्यांत पैसे संपले. वडिलांचं दुखणं, थोरलीची शाळा, घराचे पत्रे. आता ती दुसऱ्या हप्त्याची वाट पाहत होती.

तिच्याजवळ कागद नव्हता. कोर्टात अर्ज देऊन आम्ही नक्कल काढली. तडजोडीच्या पुरसीसवर (म्हणजे वकिलांनी कोर्टात दिलेल्या लेखी निवेदनावर) लिहिलं होतं की अर्जदाराला एकरकमी पोटगी मिळाली असून यापुढे तिची कसलीही मागणी उरलेली नाही. खाली तिची सही. सही तिला येते, टाइप केलेला कायद्याचा मजकूर वाचता येत नाही. कोणी वाचून दाखवला का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "साहेब म्हणाले, इथं कर, पैसे मिळतील."

मी वकिलांना भेटले. ते चिडले नाहीत, उलट त्यांना आश्चर्यच वाटलं. म्हणाले, "मॅडम, एक पैसा न घेता केस मिटवून दिली. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

या प्रश्नाचं उत्तर मला त्या वेळी नीट देता आलं नाही. ते देण्यासाठी हा लेख लिहिते आहे. पण वकिलांकडे बोट दाखवण्याआधी माझा दोष सांगते. वकील नेमल्याचं पत्र हातात आलं त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, "आता काळजी नको, वकील मिळाला." आणि पुढच्या सात तारखांपैकी एकाही तारखेला मी तिच्याबरोबर गेले नाही. माझ्या वहीत तिच्या नावापुढे 'कायदेशीर मदत मिळवून दिली' अशी नोंद आहे. तिमाही अहवालातही ती केस 'मदत दिली' या रकान्यात मोजली गेली. आपल्यातल्या किती जणींच्या वहीत अशा नोंदी असतील?

कायदा काय म्हणतो

कायद्यातली ही तरतूद आपल्या कार्यकर्त्यांनाही अनेकदा पुरती माहीत नसते, म्हणून आधी ती पाहू. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत कलम ३९-अ आलं. पैसा नाही म्हणून कोणाला न्यायापासून वंचित राहावं लागू नये, यासाठी मोफत कायदेशीर मदत देणं ही राज्याची जबाबदारी ठरली. १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं सडत पडलेल्या कच्च्या कैद्यांबद्दल बोलताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की गरीब आरोपीला वकील मिळणं हा न्याय्य खटल्याचाच भाग आहे. १९८६ मध्ये सुक दास खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. आरोपीनं वकील मागितला नाही म्हणून तो द्यायचा नाही, असं चालणार नाही. ज्याला हक्कच माहीत नाही तो मागणार कसा?

१९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्याचं कलम १२ प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवं. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेल्या व्यक्ती, माणसांच्या व्यापाराला बळी पडलेल्या व्यक्ती या सर्वांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची मर्यादा आहे ती या यादीत न बसणाऱ्यांसाठी. तरीही तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणला नाही म्हणून बाईला परत पाठवल्याचे प्रसंग मी स्वतः पाहिले आहेत. दाखल्यासाठी दोन खेपा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. स्त्रीला हा दाखला लागतच नाही, हे खिडकीवरच्या माणसाला कायद्याचं कलम दाखवून सांगायला हवं.

महाराष्ट्रात आणखी एक सवलत आहे. १ ऑक्टोबर १९९४ च्या शासकीय अधिसूचनेनं पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ झाली. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तर पोलीस आणि संरक्षण अधिकारी यांच्यावर बंधनच घालतो, की पीडित स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे हे त्यांनी तिला सांगितलं पाहिजे.

मोफत वकील दोन तऱ्हांनी मिळतो. पहिली तऱ्हा पॅनेलची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समिती आपल्या यादीतला वकील नेमते आणि त्याला मानधन देते. पक्षकाराकडून त्यानं काहीही घ्यायचं नाही, असा नियम आहे. दुसरी तऱ्हा स्वखुशीनं फी न घेणाऱ्या वकिलांची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत गरजू आणि पिचलेल्या माणसाला आपल्या ऐपतीप्रमाणे विनामूल्य मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक मानलं आहे. अशा वकिलांची नोंद करण्यासाठी केंद्र सरकारनं २०१७ पासून 'न्याय बंधू' नावाची योजनाही चालवली आहे. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे. मग ती बाई ८०,००० वर सही करून का आली?

फुकटची किंमत

कारण फी हा कोर्टाच्या खर्चाचा एक भाग आहे. बाकीचा खर्च बाई तिच्या तिच्या पद्धतीनं भरत असते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून तालुक्याच्या कोर्टात यायचं तर पहाटे उठून आधी चालत किंवा काळीपिवळीनं मोठ्या रस्त्यावर यावं लागतं. एसटीचं तिकीट १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं झालं, त्याचा आमच्या बायांना खरोखर उपयोग झाला. पण ज्या पाड्यावर एसटीच जात नाही, तिथं सवलत काय करणार? कोर्टात अकराला हजर. दुपारी पुकारा होतो. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले. त्यांचा ज्युनिअर येऊन तारीख घेतो. बाई पुन्हा स्टँडवर. धाकटं पोर बरोबर असेल तर त्याचा वडापाव, चहा. त्या दिवसाची मजुरी गेलेलीच असते. आणि घरी भावजय विचारते, "झालं का काही?" माहेरी राहणाऱ्या बाईला तारखेमागून तारखेला हेच उत्तर द्यावं लागतं, की काही झालं नाही. हा खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुसरी किंमत भाषेची. धुळ्याकडची बाई अहिराणी बोलते, यावल-रावेरकडची लेवा बोली, डोंगरातली पावरी किंवा भिली. कोर्टाची मराठी तिला परकी आणि निकालाची इंग्रजी तर पारच परकी. माझ्या बायांना मी नेहमी विचारते, तुझ्या वकिलाचं नाव काय? फी देऊन वकील केलेल्या बायका पटकन नाव सांगतात, कधी शिवी घालून सांगतात, पण सांगतात. मोफत वकील मिळालेल्यांपैकी कितीतरी जणी गप्प होतात. एका मावशीनं मलाच उलट विचारलं होतं, "ताई, मना वकील कोनता शे?" तिची केस दीड वर्ष चालू होती.

फी न देणारी बाई वकिलाला प्रश्न विचारत नाही. तिला वाटतं, साहेब उपकार करताहेत, जास्त विचारलं तर रागावतील, केस सोडून देतील. उपकाराच्या ओझ्याखाली ती घरातही होती आणि इथंही तीच वेळ आली. नवऱ्यापुढे ज्या बाईचा आवाज फुटत नव्हता तिला आम्ही धीर देऊन कोर्टात आणलं आणि तिथं तिला पुन्हा गप्प राहायला शिकवलं. माझ्या मते मोफत मदतीतली सगळ्यात मोठी गफलत ही आहे. केस हरण्या-जिंकण्याच्याही आधीची.

शिबिरं आणि केसेस

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. स्वखुशीनं मदत करणाऱ्या वकिलांची आपल्याकडची आवडती जागा म्हणजे शिबिर. ८ मार्चला, ९ नोव्हेंबरला, अधूनमधून एखाद्या महाविद्यालयात किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात कायदेविषयक शिबिर होतं. बॅनर, हार, दीपप्रज्वलन, भाषणं. मग वकील मंडळी टेबल मांडून बसतात आणि बायका रांगेत उभ्या राहतात. एकेकीला पाच मिनिटं. "अर्ज करा, कोर्टात या" असं ऐकून बाई घरी जाते.

मी शिबिरांच्या विरोधात नाही. मीही अनेक भरवली आहेत. कायदा आहे हे कळणंही मोठं असतं. पण एक हिशेब मांडून पाहा. एका शिबिराला दहा वकील आले आणि प्रत्येकानं चार तास दिले, तर चाळीस तास झाले. तेवढ्या तासांत त्यांतल्या एकाच वकिलानं एका बाईची केस पहिल्या अर्जापासून पोटगीच्या वसुलीपर्यंत नेली असती. शिबिराचा फोटो छापून येतो, तारखेला हजर राहिल्याचा येत नाही. म्हणून शिबिराला वकील मिळतात आणि तारखेला मिळत नाहीत.

१९९४ नं शिकवलेलं

जळगावचं नाव घेतलं की जुन्या कार्यकर्त्यांना १९९४ आठवतं. जळगावचं वासनाकांड त्या वर्षी उघडकीला आलं. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. पण या क्षेत्रात आल्यावर ज्येष्ठ ताईंकडून ते दिवस ऐकले. मुलींचे फोटो काढून, धमकावून चाललेलं शोषण, त्यात गुंतलेली वजनदार माणसं, राज्यभरातल्या संघटनांचे मोर्चे, विशेष न्यायालय. इतकं सगळं होऊनही तक्रार द्यायला पुढं आल्या त्या मोजक्या मुली. बाकीच्यांना साक्षीच्या पिंजऱ्याची, गावाची, ठरलेल्या किंवा ठरणाऱ्या लग्नाची भीती. सरकारी वकील सरकारचा खटला लढवतो. मुलीचा हात धरून तिला प्रत्येक पायरी समजावून सांगणारा, तिचा स्वतःचा असा वकील त्या व्यवस्थेत कुठं होता?

त्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १९९४ ला, सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारदार स्त्रीला पोलीस ठाण्यापासूनच कायदेशीर मदत मिळावी. असं काम करायला तयार असलेल्या वकिलांची यादी ठाण्यात ठेवावी. जाबजबाबाआधी पोलिसांनी तिला हा हक्क सांगावा. आणि ज्यानं ठाण्यात तिला साथ दिली त्याच व्यक्तीनं शेवटपर्यंत तिची बाजू सांभाळावी. समुपदेशन, दवाखाना अशी इतर मदत कुठे मिळेल हेही त्यानं तिला सांगावं, असं न्यायालयानं म्हटलं.

'त्याच व्यक्तीनं शेवटपर्यंत' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. माझ्या त्या बाईच्या केसमध्ये दीड वर्षात तीन वकील बदलले. पहिल्यानं पॅनेल सोडलं. दुसऱ्यानं ज्युनिअरवर सोपवलं. तिसऱ्यानं तिला लोकअदालतीच्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याला तिची गोष्टच माहीत नव्हती. दोन मुली आहेत हेसुद्धा त्याला कागद पाहूनच कळलं असणार. पोलीस ठाण्यात वकिलांची यादी तर मला अजून पाहायला मिळायची आहे. तुमच्या ठाण्यात असेल तर मला जरूर कळवा.

समाजकार्य करणारीचं या कामातलं स्थानही नवं नाही. १९८३ च्या शीला बरसे खटल्यात मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांची अवस्था पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवलं होतं. बाईशी बोलायला, तिचं ऐकून घ्यायला कोण लागतं हे न्यायालयाला तेव्हाही कळलं होतं. पण आपणच 'कायद्याचं वकील बघतील, समुपदेशन आपण बघू' अशी वाटणी करून टाकली. त्या वाटणीच्या फटीत बाई पडते.

वकिलांची बाजू

वकिलांची बाजूही प्रामाणिकपणे मांडते. पॅनेलचं मानधन तुटपुंजं असतं. तरुण वकिलाला, त्यातही तरुण मुलीला, घरभाडं आणि ज्युनिअरशिपचे दिवस काढायचे असतात. तालुक्याचा बार लहान असतो. आज ज्याच्या विरुद्ध उभं राहायचं तो उद्या आपल्याला काम पाठवणारा असतो, कधी जातीतला, कधी नात्यातला. गावातल्या पुढाऱ्याच्या मुलाविरुद्ध फुकटात केस लढवणाऱ्याला काय सोसावं लागतं ते मी पाहिलं आहे. धुळ्याचे एक ज्येष्ठ वकील गेली कित्येक वर्षं परित्यक्तांच्या केसेस एक रुपया न घेता चालवतात. पक्षकार बाईला ते स्वतः अहिराणीत समजावतात, पुढची तारीख मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून देतात, आणि तिनं प्रश्न विचारला नाही तर तेच विचारतात, "काय समजलं ते मला सांग." त्यांचं नाव मी छापत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. पण असं करता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं आहे.

खानदेशाला अशा वकिलीची ओळख आहे. ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही दर ३१ जुलैला तिथं भीमस्मृती यात्रा भरते. एका वकिलाच्या मुक्कामाची माणसांनी यात्रा केली! आपल्या बाजूनं बोलणारा कोणी कोर्टात उभा राहिला, याचं मोल ज्यांच्या बाजूनं कोणी कधी बोललं नव्हतं त्यांना बरोबर कळतं. आणि वसुधा धागमवार आठवतात. मथुरा खटल्यातल्या निकालावर १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिणाऱ्या चौघांपैकी त्या एक. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. सातपुड्यातल्या अक्राणीच्या आदिवासींच्या वाट्याला कायदा कसा आला, याचा त्यांनी बारकाईनं अभ्यास केला आणि २००६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अक्राणी तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत तिथल्या बाईला जिल्ह्याच्या कामासाठी पार धुळ्यापर्यंत यावं लागे. कायद्याच्या माणसानं पक्षकाराच्या गावापर्यंत जाऊन पाहिलं तर काय दिसतं, हे अशा कामातून कळतं.

व्यवस्थेतल्या एका तफावतीबद्दलही बोलू. २०२२ पासून गरीब आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमण्याची योजना आली. ती हवीच होती. चोरीच्या आळावरून आत टाकलेला पारधी किंवा भिल्ल पोरगा हाही आपलाच आहे. पण पोटगी मागणारीसाठी, घरातून हाकललेलीसाठी अशी पूर्णवेळ वकिलांची व्यवस्था नाही. तिच्यासाठी अजून पॅनेल, तेच मानधन आणि तोच ज्युनिअर. जे आरोपींसाठी करता येतं ते परित्यक्तांसाठी का करता येऊ नये?

मग करायचं काय?

स्वखुशीनं मदत करू पाहणाऱ्या वकील बंधू-भगिनींना माझं सांगणं आहे, की वर्षाला एक शिबिर कमी करा आणि दोन केसेस घ्या. दोनच घ्या, पण शेवटापर्यंत न्या. शेवट म्हणजे आदेश नव्हे, पैसे हातात पडणं. थकलेल्या पोटगीच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे किती बायांना माहीत आहे? आदेशाची नक्कल पेटीत जपून ठेवून त्या बसून राहतात. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानं पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवलं आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. सुरतेच्या लूमवर नवरा किती कमावतो हे त्यातून विचारता येतं. पण त्यासाठी वकिलानं तो अर्ज वाचलेला असायला हवा.

विधी सेवा प्राधिकरणाकडे आपण हे मागायला हवं: नेमलेल्या वकिलाचं नाव, फोन नंबर आणि बाईचे हक्क सोप्या मराठीत, शक्य तिथं बोलीत, एका कार्डावर लिहून बाईच्या हातात द्यावेत. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांप्रमाणे मोफत मदतीच्या केसेसवर लक्ष ठेवायला समिती आणि नोंदवही असायला हवी, आणि वकिलाचं काम समाधानकारक नसेल तर केस त्याच्याकडून काढून घेता येते. ती वही पाहायला मागा. वकील बदलून मागितला तर प्राधिकरणावर उपकार होत नाहीत आणि गुन्हाही होत नाही. १५१०० हा मोफत मदतीचा राष्ट्रीय क्रमांक गावातल्या अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घ्या.

लोकअदालतीबद्दल वेगळं सांगते. तिथल्या तडजोडीवर अपील होत नाही, ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते. झटपट निकाल चांगला वाटतो. पण तडजोड दोघांच्या खुशीची असते, नको म्हणायचा बाईला पूर्ण हक्क आहे आणि नको म्हटल्यानं तिची केस बुडत नाही. तडजोडीचा कागद तिच्या बोलीत तिला वाचून दाखवल्याशिवाय सही होऊ द्यायची नाही, एवढा एक नियम आपण सगळ्या संघटनांनी आपल्यापुरता करू या.

आणि शेवटी आपण. वकील मिळाला की आपलं काम संपत नाही, खरं म्हणजे तेव्हा सुरू होतं. आमच्या केंद्रात आता एक साधी केस-वही आहे. बाईचं नाव, वकिलाचं नाव, प्रत्येक तारीख, त्या तारखेला काय झालं, आणि बरोबर कोण गेलं होतं. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. प्रत्येक वेळी मीच जाते असं नाही. बचत गटातली मैत्रीण जाते, पोटगी मिळवलेली बाई नव्या बाईबरोबर जाते. आधी कोर्ट पाहिलेली बाई बरोबर असली की नवी बाई वकिलाला प्रश्न विचारते, हा आमचा अनुभव. शहाद्याच्या भागात १९७२ च्या पुढे आदिवासी बाया घोळक्यानं जाऊन दारूची मडकी फोडत आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्याला जाब विचारत. एकटीनं ते झालं नसतं. कोर्टाच्या पायऱ्याही एकटीनं चढायच्या नसतात.

हे करणं सोपं नाही. आमच्याकडे माणसं कमी, प्रवासखर्चाला देणगीदार पैसे देत नाहीत, कारण त्यातून मोजता येण्यासारखं काही निघत नाही. दोन तारखा आमच्याही चुकल्या आहेत.

त्या बाईचं पुढं काय झालं, हे विचाराल. तिनं स्वतःच्या पोटगीवर सही करून पाणी सोडलं होतं. पण मुलींचा हक्क मुलींचा असतो, आईच्या सहीनं तो संपत नाही, असा मुद्दा एका तरुण वकील मुलीनं काढला. तिनं फी घेतली नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या १२५ च्या जागी आलेल्या कलमाखाली, दोघी मुलींच्या नावानं अर्ज केला. अंतरिम पोटगीचा आदेश झाला आहे. नवऱ्यानं सुरतेत खोली बदलली, त्यामुळे वसुलीचं वॉरंट दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा पाठवलं आहे.

पण गेल्या तारखेला मी बरोबर होते तेव्हा एक गोष्ट पाहिली. वकील बोलत असताना बाईनं तिला मध्येच थांबवलं आणि विचारलं, "मॅडम, हा कागद कशाचा? आधी वाचून दाखवा, मग सही करते." वकील मुलीनं खुर्ची ओढली आणि वाचायला लागली. पुढची तारीख केस-वहीत लिहिली आहे. बरोबर कोण जाणार, तेही.